पिंपातला वारा

मृण्मयी रणपिसेच्या घरात एका विषयाला बंदी होती. राजकारणाला नव्हती, शेजाऱ्यांच्या भानगडींना नव्हती; बंदी होती ती चुन्याला. घरात माणसं दोनच, ती आणि तिचे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बंदी मृण्मयीनं घातली होती आणि नानांनी ती निमूट मान्यही केली होती; पण मान्य करणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं.

"वर दमट असेल, नाही, अजून?" तिच्या डब्यात दशम्या भरताना नानांनी खिडकीबाहेर बघत विचारलं.

"नाना."

"अगं, तुझ्या सर्दीसाठी विचारतोय."

"मला सर्दी झालेली नाही."

"होऊ नये म्हणून." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा दाबून लावलं. "झाकणं घट्ट असलेली बरी. कुठलीही."

मृण्मयीनं हसू दाबलं आणि डबा उचलला. आज कारवटच्या पठारावर ती कशासाठी चालली आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. नानांना रात्रभर झोप लागली नव्हती हेही तिला ठाऊक होतं.

नाना म्हणजे कऱ्हाडजवळच्या एका साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट. उसाच्या रसातला गाळ खाली बसवायला त्यात चुना घालतात. नानांचं उभं आयुष्य त्या चुन्यात गेलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, नानांनी परसात पत्र्याची शेड टाकली आणि चुन्याची भुकटी नि उसाच्या चिपाडाची राख एकत्र मळून बोराएवढ्या गोळ्या वळायला लागले. नुसता चुना चार वेळा तापवला-भिजवला की त्याचं पीठ होतं. राखेमुळे गोळी शाबूत राहते, असं त्यांचं म्हणणं. गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं. आणि एक दिवस सरकारच्या साठवण प्रकल्पानं त्याच गोळ्या चाचणीला घेतल्या. नेमकी त्या चाचणीच्या मोजणीवर जी अभियंता होती ती त्यांचीच लेक.

मृण्मयीनं त्याच दिवशी टिळेकर मॅडमना, म्हणजे आपल्या वरिष्ठांना, सांगितलं की मला यातून मोकळं करा. मॅडम म्हणाल्या, "आकडा मीटर देणार, तू फक्त लिहिणार. घरी मात्र याबद्दल चकार शब्द काढायचा नाही." तेव्हापासून घरात चुना बंद झाला. नाना बिचारे पानालासुद्धा चुना मागेनासे झाले.

*

गाडी घाट चढायला लागली तशी पवनचक्क्यांची रांग दिसू लागली. बऱ्याचशा थांबलेल्या होत्या. कारवटचं दुखणं तेच होतं. आषाढापासून भाद्रपदापर्यंत पठारावर वारा असा सुटतो की माणसाला सरळ उभं राहवत नाही. वीज एवढी होते की घ्यायला गिऱ्हाईक नसतं आणि चालत्या चक्क्या मुद्दाम थांबवाव्या लागतात. दिवाळीच्या सुमाराला वारा पडतो. आणि गावाला गरज लागते ती नेमकी तेव्हा. थंडीत म्हशी दूध जास्त देतात, दूध जास्त म्हणजे खव्याच्या भट्ट्या दिवसभर पेटलेल्या. पूर्वी जंगलातलं लाकूड होतं. आता जंगल राखीव झालं होतं आणि गॅसची गाडी घाट चढून येईल तेव्हा खरी. पावसाळ्यातला वारा हिवाळ्यापर्यंत ठेवायचा कशात, एवढा साधा प्रश्न होता. फोनमध्ये किंवा गाडीत असते तसली बॅटरी रोजच्या भरण्या-वापरण्याला उत्तम, पण सहा-सहा महिन्यांची बेगमी तिच्यात करणं परवडत नाही.

म्हणून तीन रासायनिक मार्ग शेजारी शेजारी मांडले होते. पहिला हायड्रोजनचा: विजेनं पाणी फोडायचं, हायड्रोजन दाबून टाकीत भरायचा, लागेल तेव्हा त्याची पुन्हा वीज करायची. दुसरा लोखंडाचा, ज्याला गावात सगळे गंजाची बॅटरी म्हणत: भरताना गंजाचं लोखंड होतं, वापरताना लोखंड हवेतला प्राणवायू घेऊन पुन्हा गंजतं आणि वीज देतं. तिसरा नानांचा. गोळ्या विजेच्या भट्टीत तापवल्या की त्यांच्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं, मागे उरतो कळीचा चुना. तो कोरडा ठेवायचा. हवं तेव्हा त्यावर पाणी सोडलं की तो ते पिऊन टाकतो आणि तापवताना घेतलेली उष्णता परत देतो. गंमत अशी की मधल्या काळात पिंपाला हात लावला तर ते गार लागतं. ऊर्जा तिथे ऊन होऊन बसलेली नसतेच. ती असते चुना आणि पाणी यांच्या ताटातुटीत. ताटातूट टिकली की ऊर्जा टिकली.

पहिल्या फेरीत चुना सपशेल आपटला होता. शंभर युनिट वीज घातली तर गंजाच्या बॅटरीनं पन्नास परत दिली, हायड्रोजननं पस्तीस आणि चुन्यानं, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवून, जेमतेम वीस. त्या बैठकीत गावच्या सरपंच सुवर्णाताई ढेबे उभ्या राहिल्या होत्या. चाळिशी उलटलेल्या, बोलायला फटकळ, स्वतःच्या दोन खवाभट्ट्या चालवणाऱ्या.

"मॅडम, दूध ह्या भांड्यातनं त्या भांड्यात वतलं की कडंला चिकटतंच," त्या टिळेकर मॅडमना म्हणाल्या होत्या. "जितकी भांडी जास्त तितकं चिकटणार जास्त. मला कढई तापवायचीय. मग वाऱ्याची ऊब, उबेची वीज, विजेची परत ऊब, हा द्राविडी प्राणायाम कशापायी? ऊबच द्या की सरळ."

मॅडमना ते पटलं होतं. दुसरी फेरी उष्णतेची ठरली. तिच्यात हायड्रोजन सरळ चुलीत जाळून साठ मिळाले, गंजाच्या बॅटरीचे पन्नास पन्नासच राहिले आणि चुन्याचे झाले पंच्याहत्तर. पण हे आकडे भरल्यानंतर दुसऱ्या दिवशीचे. खरी परीक्षा दीर्घ मुदतीची होती. मागच्या श्रावणात तिन्ही साठे भरून बंद केले होते आणि वर्ष उलटल्यावर या आठवड्यात ते उघडायचे होते. गंजाची बॅटरी बसल्या बसल्या झिरपून तिशीवर आली होती. हायड्रोजन टाकीच्या झडपांतून चोरपावलांनी निसटून पन्नासवर आला होता. उरली होती नानांची पाच पिंपं. ती परवा प्रकल्पाच्या समितीसमोर उघडायची होती; आज मृण्मयी त्याची तयारी बघायला चालली होती.

*

कारवटमध्ये शिरताना मृण्मयीला गाव ओळखूच येईना. शाळा पांढरीशुभ्र. ग्रामपंचायत पांढरी. समाजमंदिर, पाण्याची टाकी, वाटेकडेच्या दगडांच्या रांगा, सगळं लख्ख पांढरं, आणि त्या पांढऱ्याला निळीची किंचित झाक. परवा समिती यायची होती, तिच्या स्वागतासाठी कमान उभी राहत होती.

"वा, संपतराव," ती गाडीतून उतरत म्हणाली. संपत हा ग्रामपंचायतीचा शिपाई. पन्नाशीचा, कामाला वाघ आणि कौतुकाला भुकेला. "काय रंगवलंय गाव!"

"आवडलं न्हवं?" संपतचा चेहरा फुलला. "दोन हात मारल्यात. असला चुना जल्मात बघितला न्हाई, मॅडम. काय पांढरा! काय धरतोय भिंतीला!"

मृण्मयीचं पाऊल जागीच थबकलं. मग ती जवळजवळ पळतच साठवण शेडकडे गेली.

शेडबाहेर पाच पिंपं ओळीनं उन्हात पालथी घातलेली होती. स्वच्छ धुऊन.

"धुवून ठिवल्यात," मागून येत संपत म्हणाला. "तुमची परत न्यायला बरी."

ती तिथल्या दगडावर बसली. संपतच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरत गेलं.

"संपतराव, पिंपांना सील होतं."

"व्हय तर. लई घट हुतं. छिन्नी लावाया लागली."

"मग तुम्हाला वाटलं नाही की कशासाठी तरी लावलं असेल?"

"वाटलं की! म्हनलं, पावसानं भिजू नये म्हनून आसंल. पाऊस तर सपला." संपत आता घाबरला होता, पण त्याला आपली चूक सापडत नव्हती. "आवो, पिंपावर एवढ्या मोठ्या अक्षरात चुना ल्हिलेलं. पिंप सरकारी. पाव्हनं सरकारी. त्यांच्यासाटी रंग द्यायचा ठराव झाला, चुन्याची गाडी घाटात अडाकली. मग सरकारी पाव्हन्यांसाटी सरकारी चुना वापरला. चुकलं का काय?"

पाहुणे येणार होते ती पिंपं उघडायला, आणि त्यांच्याच स्वागतासाठी ती पिंपं उघडली गेली होती. मृण्मयीला रडावं की हसावं कळेना. तिच्या डोळ्यांसमोर फक्त नाना होते, डब्याचं झाकण काढून पुन्हा दाबून लावणारे.

*

"ह्याला मी बघते नंतर," संपतकडे बोट करून सुवर्णाताई म्हणाल्या आणि मृण्मयीला घरात घेऊन गेल्या. समोर पाण्याचा तांब्या ठेवला, मग वाटीभर बासुंदी. "आधी ही खा. मग सांगते."

बासुंदी दाट होती, किंचित तांबूस, साखर बेताची. पण मृण्मयी ती चमच्यानं नुसती ढवळत राहिली.

"शाळेमागच्या हौदात वतला त्यांनी चुना," सुवर्णाताई सांगू लागल्या. "पानी सोडलं, आणि काय सांगू बाई, हौद असा उकळाया लागला की कुत्री पळाली. आम्ही बायका डेअरीचं दूध घिऊन चाललेलो. मी म्हनलं, एवढी ऊब वाया का घालवायची? पहारी आडव्या टाकल्या हौदावर, वर कढया मांडल्या. साठ लिटर दूध हुतं. भट्टी नाही, धूर नाही, काही नाही. खवा काय झाला नाही, तेवढा कडक जाळ नव्हता. पण आटून पंचवीस राहिलं बघा. सगळ्या गावानं बासुंदी खाल्ली. मी म्हनलं, औंदा दिवाळी आधीच आली."

मृण्मयीच्या हातातला चमचा थांबला. साठाचं पंचवीस. म्हणजे पस्तीस लिटर पाण्याची वाफ. तिनं मनातल्या मनात हिशेब केला; तिला तो करायचा नव्हता, पण डोकं थांबेना. नुसत्या दुधातच घातलेल्या शंभरातले निदान तीस गेले होते. हौदातून आभाळात गेलेली वाफ वेगळी, तापलेले दगड वेगळे, उकळलेला चुना वेगळा. म्हणजे पिंपांमधली ऊर्जा शाबूत होती. वर्ष उलटून गेल्यावरही नानांच्या गोळ्या जिवंत होत्या! आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं की हे आता कुणालाच दाखवता येणार नाही.

सुवर्णाताई तिच्याकडे बारकाईनं बघत होत्या. "किती आकडा पायजे तुमाला?" त्यांनी हळूच विचारलं. "ल्हिवा तुमी. पिंपं उघडताना आम्ही सगळे हुतो म्हनून सह्या देतो. दूध आटलं ते खोटं नाही ना?"

"दूध खरं आहे, ताई. आकडा खोटा होईल."

"पन चुना चांगला हाय, हे तर खरं?"

"खरं आहे. म्हणूनच खोटा आकडा नको." तिनं वाटी बाजूला सरकवली. "आणि ते माझे वडील आहेत. मी लिहिलेलं कोण खरं मानेल?"

ही गोष्ट सुवर्णाताईंना ठाऊक नव्हती. त्यांनी उठून मोठ्या डब्यात बासुंदी भरली आणि तिच्या पिशवीत ठेवली. मृण्मयीनं अंगणात येऊन टिळेकर मॅडमना फोन लावला आणि जसं घडलं तसं सांगितलं.

"चुन्यापुढे काय लिहू?" तिनं विचारलं.

"तूच सांग."

"निकाल नाही, असं लिहिते," मृण्मयी म्हणाली.

*

संध्याकाळी नानांनी दार उघडलं ते तिच्या चेहऱ्याकडे बघतच. पण बंदी म्हणजे बंदी. त्यांनी ताटं घेतली, आमटी वाढली, भाकरी मोडली.

"वर थंडी पडली का?" एवढंच विचारलं.

मृण्मयीला ते सहन झालं नाही. तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. पांढरी शाळा, धुतलेली पिंपं, छिन्नी, हौद, बासुंदी, मॅडमना केलेला फोन. सांगून झाल्यावर मान वर करायचा तिला धीर होईना.

"कुणाला भाजलं नाही ना?" नानांनी विचारलं.

"नाही."

"कुणाच्या डोळ्यात उडालं नाही ना? उकळता चुना फार वाईट."

"नाही नाना. सगळे ठीक आहेत."

"मग बरं." त्यांनी आमटीचा घोट घेतला. थोड्या वेळानं म्हणाले, "रंग कसा आलाय?"

"फार सुंदर."

"येणारच. राख असते ना, भिंतीला धरून बसतो." आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "वाईट वाटलं गं. खूप वाईट वाटलं. आता ते परत करायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

मृण्मयीनं डबा उघडून त्यांच्या ताटात बासुंदी वाढली. "तुमच्या गोळ्यांवरची आहे."

नानांनी बोटानं चाटून बघितली. कारखान्यातल्या सवयीनं जिभेवर घोळवली. "किती दुधाची किती झाली?"

"साठाची पंचवीस."

ते छताकडे बघत पुटपुटत राहिले. "पस्तीसची वाफ... दूध उकळीला आणायला लागली ती ऊब निराळी... तीस तरी झाले. निदान तीस!" मग झटकन तिच्याकडे वळले. "लिहिलं नाहीस ना हे?"

"नाही."

"बरं केलंस. हौदाची वाफ कुणी धरली होती? अर्धा हिशेब म्हणजे हिशेब नव्हे." त्यांनी वाटी पुढे केली. "आणखी वाढ."

तिला वाटलं होतं की ते चिडतील, नाहीतर मनातल्या मनात कुढतील. ते बासुंदी खात बसले होते आणि मधूनमधून "निदान तीस" म्हणत होते. कितीतरी महिन्यांनी त्या घरात जेवताना मनमोकळं बोलणं झालं. मृण्मयीला एकाच वेळी हलकंही वाटलं आणि भीतीही वाटली. नाना शहात्तर वर्षांचे होते.

*

परवाच्या बैठकीला नाना तिच्याबरोबर आले आणि शाळेच्या खोलीत मागच्या बाकावर बसले. टिळेकर मॅडमनी तक्ता वाचून दाखवला. लोखंड तीस, हायड्रोजन पन्नास, चुना निकाल नाही.

"आकडा नाही म्हणजे चुना यादीत नाही," मॅडम म्हणाल्या. "उरलेल्या दोन मार्गांतला एक गावानं निवडायचा. उष्णतेसाठी हायड्रोजन बरा दिसतो."

"त्याची ज्योत दिसतबी न्हाई म्हनं," मागून एक बाई म्हणाली. "पदर पेटला तर कळायचं कधी?"

सुवर्णाताई उठल्या. "मॅडम, आमी नाही निवडलं तर?"

"तर यंदाचा हिवाळा असाच जाईल. फार तर एक वर्ष मी हे थांबवून धरू शकते. पुन्हा पिंपं भरायची, पुन्हा बंद करायची, पुढच्या दिवाळीला उघडायची. त्याच्यापुढे माझ्या हातात काही नाही."

खोलीत कुजबूज सुरू झाली. एक हिवाळा म्हणजे पुन्हा गॅसच्या गाडीची वाट, पुन्हा नासलेलं दूध. मृण्मयीनं मागे वळून पाहिलं. नाना खाली बघत होते. त्यांच्यासाठी एक वर्ष काय असतं ते तिला त्या क्षणी नीट समजलं.

"हे बघा," सुवर्णाताई गावाकडे वळल्या, "मागच्या श्रावणातला वारा आपण परवा कढईत उकळताना बघितलाय. ह्यांच्या तक्त्यात तो नाही, पण आपल्या पोटात हाय. मी म्हनते थांबू. ज्यांना वाटतं थांबावं, त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. एक-एक करत, मग सगळेच. सर्वांत उंच हात संपतचा होता. तो दोन्ही हात वर करून उभा होता.

"आणि राखण?" मॅडमनी विचारलं. "पुन्हा कुणी रंग दिला तर?"

"ज्यानं न्हेला त्योच राखंल," सुवर्णाताई म्हणाल्या.

*

नानांनी नव्या गोळ्या वळल्या, पिंपं पुन्हा भरून सील झाली. संपतनं त्यांची राखण अशी केली की लोक कंटाळले. शेडला त्यानं तीन कुलपं लावली. पुढे खाट टाकली. गावात त्याला येता-जाता चिडवत, "संपतराव, वाईच चुना द्या की, तंबाखूला," आणि तो काठी घेऊन धावे. पावसाळ्यात नाना खास छत्री घेऊन घाट चढून आले, पिंपांवर ओल आली का बघायला.

"नाव?" संपतनं विचारलं.

"अरे, मी रणपिसे. मीच केल्यात त्या गोळ्या."

"आसाल. कुलूप मॅडम आल्यावरच निघंल. बसा, च्या घ्या."

नाना चिडले नाहीत, उलट खूश झाले. नाहीतरी त्या वर्षात त्यांचा मुक्काम अर्धा वरच असे. सुवर्णाताईंच्या भट्टीवर बसून ते चुन्याच्या चुलीचं चित्र काढत. आत गोळ्या, बाजूला पाण्याचा नळ, वर कढई. सुवर्णाताई त्यात खोड काढत, कढई फार वर आहे, माझा हात पोचणार नाही. नाना पुन्हा काढत. आठवड्यातून एकदा मृण्मयी त्यांना न्यायला येई. परतीच्या वाटेवर घाटभर चुन्याची कथा चाले आणि तिला ती ऐकावी लागे. कधी कधी ती मनात म्हणे की बंदीच बरी होती. पण ते खरं नव्हतं.

दिवाळीआधी समिती पुन्हा आली तेव्हा गावाला रंग नव्हता. सुवर्णाताईंनी वर्षभर चुन्याला हात लावायला मनाई केली होती. पठारावरच्या पावसानं शाळेच्या भिंतीवर हिरवे-काळे ओघळ उतरले होते. कमान नव्हती, हार नव्हते. या खेपेला मोजणी टिळेकर मॅडमनी स्वतः केली. मृण्मयी मुद्दाम दूर, नानांशेजारी उभी राहिली. संपतनं तिन्ही कुलपं काढली, सीलं शाबूत असल्याचं सगळ्यांना फिरून फिरून दाखवलं. गोळ्या बंद भांड्यात ओतल्या, पाणी सोडलं. भांडं घरघरलं, नळ्या तापल्या. नानांनी लेकीचं मनगट धरलं होतं. ते त्यांच्या लक्षातही नसावं.

मीटर स्थिर व्हायला दुपार झाली. मॅडमनी चष्मा वर केला.

"चौऱ्याहत्तर."

गावाला तो आकडा चांगला की वाईट ते कळत नव्हतं.

"पहिल्या दिवशी पंच्याहत्तर होते," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या. "वर्षभरात एक कमी झाला. एकच."

मग मात्र गोंधळ उडाला. सुवर्णाताईंनी टिळेकर मॅडमना मिठीच मारली. भट्टीसाठी चुना आणि दिव्यांसाठी गंजाची बॅटरी, असा निर्णय तिथेच उभ्या उभ्या झाला. संपत कुलपं छातीशी धरून रडत होता. नाना मात्र त्या एकात अडकले होते.

"एक कुठे गेला?" ते मृण्मयीला विचारत होते. "झाकणाच्या रबरातून गेला असणार. रबर बदलायला हवं."

"नाना, आज तरी खूश व्हा."

"मी खूशच आहे गं," ते म्हणाले. "खूश असलो म्हणून काय रबर बदलायचं नाही?"

सगळ्या गोळ्या काही शाबूत राहत नाहीत. थोड्यांचा चुरा होतो. नानांनी तो विरलेला चुरा चाळून बादलीत काढला, पाणी घातलं, काठीनं ढवळला आणि बादली संपतपुढे ठेवली. संपत दोन पावलं मागे सरला.

"न्हाई बाबा. म्या न्हाई हात लावायचा."

"अरे, हा तापवून उपयोगाचा नाही आता. हा भिंतीचाच. घे."

तरी तो घेईना. तेव्हा नानांनी कुंचला मृण्मयीच्या हातात दिला. ती शाळेच्या ओघळलेल्या भिंतीपुढे उभी राहिली आणि तिनं वरून खाली एक लांब हात मारला. मग दुसरा, तिसरा. भिंत नुसती ओली दिसत होती, होती तशीच मळकट. आयुष्यात तिनं चुन्याचे एवढे आकडे लिहिले होते, भिंतीला कधी लावला नव्हता.

"नाना, हा येतच नाहीये. बिघडलाय का?"

संपत आणि सुवर्णाताई एकमेकांकडे बघून हसले.

"ओला असताना दिसत नाही तो," नाना पायरीवर टेकत म्हणाले. "वाळला की उजळतो. ये, बस जरा."

ती त्यांच्याशेजारी बसली. नाना तिला रबराबद्दल सांगायला लागले, मग राखेबद्दल, मग कारखान्यातल्या पहिल्या दिवसाबद्दल, जेव्हा त्यांनी कळीच्या चुन्यावर चुकून घागरभर पाणी ओतलं होतं. ही गोष्ट तिनं पूर्वी कधीच ऐकली नव्हती. ती ऐकत राहिली, आणि समोरची भिंत वरच्या कोपऱ्यापासून पांढरी व्हायला लागली.